वरची पट्टी आणि तिचं छुपं नाव

अगं, तुझं मॅथेमॅटिकाचं नोटबुक उघडून बघितलं. वरची ती पट्टी झकास जमलीय हं! पान कितीही खाली सरकवलं तरी जागची हलत नाही, बटणं कायम हाताशी. फक्त एक सांग, स्टाइलचं ते नाव कुठनं उचललंस? हेल्पमध्ये त्याचा पत्ताच नाही.

आत डोकावलीस ना? मग त्यात लाजायचं काय! इन्स्टॉलेशनच्या फोल्डरात स्टाइलशीट्सच्या फायली असतात, त्यातली ‘कोअर’ चाळली की कंपनीनं स्वतःच्या खिडक्यांसाठी केलेल्या कितीतरी स्टाइल्स दिसतात. १९८८ पासूनचा संसार आहे तो, एवढं साठणारच. खुशाल बघ. मूळ फाइल तेवढी सेव्ह करू नकोस.

पण जे हेल्पमध्ये नाही, ते पुढच्या आवृत्तीत राहीलच असं कुणी कबूल केलेलं नसतं. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडण्यातला प्रकार. आणि खरी मेख अशी की नाव गायब झालं तरी मॅथेमॅटिका ओरडत नाही. लाल अक्षरात काही येत नाही. पट्टी नुसती साध्या मजकुरासारखी दिसायला लागते. मग तू बसशील कोडमध्ये चूक शोधत, आणि कोड तर बिचारा ठीकच असतो.

म्हणून असं कर. ‘कोअर’मधल्या त्या स्टाइलच्या सेलवर जाऊन कंट्रोल-शिफ्ट-ई दाब. आतलं सगळं उघडं पडेल: बॅकग्राउंड, मार्जिन, फॉन्टचा रंग. हवं तेवढं उचल, फॉरमॅट मेनूतल्या ‘एडिट स्टाइलशीट’मध्ये जा आणि स्वतःचं नाव देऊन नवी स्टाइल कर. ती फाइलबरोबरच जाते, सरांच्या कॉम्प्युटरवरही तशीच दिसते. मात्र उतरवताना ‘स्टाइलडेफिनिशन्स’ दिसलं तर थांब. ती दुसऱ्याच एका स्टाइलच्या जिवावर उभी आहे, तिचंही बघावं लागेल. एवढी उठाठेव नको असेल तर ‘डॉक्डसेल’ ही साधी स्टाइल घे. दिसायला जरा मठ्ठ आहे, पण प्रोजेक्टला पुरते.

आणि पट्टीचा कंटाळा आला तर नोटबुकच्या ‘डॉक्डसेल्स’ या ऑप्शनला रिकामी यादी दे, जाते. स्टाइलशीटमधलं मूळचं परत हवं असेल तर ‘इनहेरिटेड’ दे.