अंगण हाउसफुल्ल, तरी गल्ला रिकामा: शरदातल्या कला-हंगामाचा हिशेब कसा मांडायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "आमची गावाकडे वाडी आहे, अंगण आहे, जुना मांगर आहे. दिवाळीच्या आसपास तिथे कार्यक्रम आणि पर्यावरणाचे छोटे कोर्स ठेवले तर चालेल का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण हिशेब इथे लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक कबुली. हा धडा मी पुस्तकातून शिकलेले नाही. बीबीएला ब्रेक-इव्हनचं गणित मी पैकीच्या पैकी मार्क घेऊन सोडवलं होतं. पण गेल्या वर्षी, २०२५ च्या शरदात, कुडाळजवळच्या आमच्या सासरच्या वाडीत मी स्वतः असा हंगाम भरवला आणि ₹५२,६०० चा खड्डा पाडून घेतला. शेवटच्या कार्यक्रमाला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री सतरंज्या गुंडाळताना सासरे म्हणाले, "गो, माणसां तर भरपूर इली, मगे पैसे खय गेले?" मला उत्तर देता आलं नाही.

आज ते उत्तर देते.

कल्पना चांगली आहे, जुनीही आहे

कला आणि शेती-निसर्गाचं शिक्षण एकाच आवारात, ही काही आपली नवी आयडिया नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन उभं केलं, ते खेड्याच्या पुनर्रचनेसाठी. तिथे त्यांच्यासोबत काम केलेले लिओनार्ड एल्महर्स्ट इंग्लंडला परतले आणि पत्नी डोरोथीसह १९२५ मध्ये डेव्हन परगण्यातली डार्टिंग्टनची जुनी इस्टेट विकत घेतली. तिथे शेती, हस्तव्यवसाय, नृत्य, संगीत, नाटक असं सगळं एकत्र वाढलं. पुढे १९९० मध्ये तिथेच पर्यावरण-शिक्षणासाठी शूमाकर कॉलेज निघालं, जगभरातून विद्यार्थी आले. आणि २०२४ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे ट्रस्टला तिथले पदवी अभ्यासक्रम बंद करावे लागले.

यातून घ्यायचं काय? हेतू कितीही चांगला असला तरी लाइटबिल तो भरत नाही. एवढ्या मोठ्या नावाला हा नियम सुटला नाही, तर आपल्या वाडीला कसा सुटेल?

आपल्याकडे माल तर अस्सल आहे. दशावतार आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. पिंगुळीतच परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे गोठ्यातूनही काम उभं राहतं. प्रश्न असतो तो हिशेबाचा.

धडा १: आधी पंचांग, मग पोस्टर

माझी पहिली चूक तारखेची. २०२५ ला कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. मी हौसेने पहिला कार्यक्रम त्याच रात्री ठेवला. कोकणात पाऊस परतायला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा जातो, हे दुकानात छत्र्या विकणाऱ्या बाईला माहीत नको? दुपारपासून सरी सुरू झाल्या, मांडव गळायला लागला, कार्यक्रम रद्द. तिकिटाचे पैसे परत केले. मंडळाचं अर्धं मानधन ₹८,०००, मांडव ₹३,००० आणि जाहिरात ₹१,५०० मिळून ₹१२,५०० पाण्यात.

यंदा २०२६ मध्ये अधिक महिना आला, त्यामुळे सण पुढे सरकलेत. कोजागिरी २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीची तारीख यंदा तशीच उचलली तर फसलातच.

तारीख ठरवताना या चार गोष्टी तपासा:

- पाऊस परतला असेल का?
- भातकापणी कुठवर आली? कापणीच्या दिवसांत गावातलं कोणी रिकामं नसतं.
- घराघरांत काय आहे? २१ नोव्हेंबरपासून तुळशीची लग्नं आहेत. त्या संध्याकाळी शेजारीसुद्धा येणार नाही.
- कलाकार मोकळे आहेत का? कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतारी मंडळं रोज रात्री वेगळ्या गावात उभी असतात. त्यांच्या जत्रेच्या तारखेवर आपण डल्ला मारायचा नाही.

हे सगळं जुळवून मी यंदा सहाऐवजी चारच शनिवार धरलेत: २४ आणि ३१ ऑक्टोबर, १४ आणि २८ नोव्हेंबर. दशावतार पहिल्या तीन शनिवारांत. २८ ला मंडळं जत्रेत असतील, म्हणून त्या दिवशी चित्रकथी आणि बाहुल्या.

धडा २: हाउसफुल्ल म्हणजे नफा नव्हे

आता मुख्य गणित. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाचा ठरलेला खर्च, म्हणजे एक माणूस येवो की शंभर, द्यावाच लागणारा खर्च असा होता:

- कलाकारांचं मानधन: ₹१६,०००
- साउंड, लाइट, जनरेटर: ₹४,५००
- मांडव, खुर्च्या: ₹३,०००
- जाहिरात: ₹१,५००
- एकूण: ₹२५,०००

तिकीट ₹२००. प्रत्येकाला चहा-भजी, त्याचे ₹३०. म्हणजे माणशी शिल्लक ₹१७०.

आता २५,००० ला १७० ने भागा. १४७ आणि थोडं वर. म्हणजे खर्च फिटायला १४८ माणसं हवीत.

आणि आमच्या अंगणात मावतात किती? १२०!

बघा पुन्हा एकदा. अंगण गच्च भरलं तरी ₹४,६०० चा तोटा ठरलेलाच होता. हे मी कार्यक्रमाआधी कागदावर दोन मिनिटांत काढू शकले असते. काढलं नाही, कारण मी तिकीट "लोकांना काय परवडेल" एवढंच बघून ठरवलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ९० माणसं आली. म्हणजे दर कार्यक्रमाला ₹९,७०० तोटा, पाच कार्यक्रमांचे ₹४८,५००. त्यात पावसाचे ₹१२,५०० मिळवा. ₹६१,०००.

सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर हे. पैसे कुठे गेले नाहीत, ते यायचेच नव्हते.

धडा ३: कोपऱ्यात ठेवलेला माल खपतोय का, बघा

दुकानात कधी असं होतं ना, आपण दर्शनी काचेत एक वस्तू सजवतो आणि खपते मात्र मागच्या फळीवरची? तसंच झालं. कार्यक्रमांसोबत "असू देत" म्हणून मी बांबूकामाची एकेक दिवसाची दोन शिबिरं ठेवली होती. फी ₹१,२००. शिकवणाऱ्याचे ₹५,००० आणि अवजारं-वाहतुकीचे ₹१,००० मिळून ठरलेला खर्च ₹६,०००. साहित्य, जेवण, चहा मिळून माणशी ₹३५०. शिल्लक ₹८५०. आठ माणसांत खर्च फिटतो. आले बारा. एका शिबिराला ₹४,२०० नफा, दोन्हीचे ₹८,४००. म्हणूनच एकूण खड्डा ₹५२,६०० वर थांबला.

याचा अर्थ कार्यक्रम बंद करून फक्त कोर्स चालवायचे का? मीही आधी तेच म्हणत होते. पण शिबिराला आलेल्या बाराही जणांना विचारलं तेव्हा कळलं, पुण्या-कोल्हापूरहून एवढा प्रवास ते संध्याकाळच्या खेळासाठीच करून आले होते. एक ओढून आणतो, दुसरा पैसे मिळवतो. दोघांना वेगळं करू नका, एकाच तिकिटात बांधा.

धडा ४: कोर्स ऋतूला धरून ठेवा

"शाश्वत जीवनशैली" असं मोघम नाव दिलंत तर कोणी फी भरणार नाही. घरी जाऊन सोमवारी करता येईल अशी एक गोष्ट शिकवा, आणि ती त्या दिवसांत प्रत्यक्ष दिसली पाहिजे. आमची यंदाची मांडणी अशी:

- २४ ऑक्टोबर, छपरावरचं पाणी: पाऊस नुकताच संपलेला, पन्हाळीतून वाहून गेलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. गणित सोपं आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर ३ लाख लिटर. पाचवा भाग वाया गेला तरी २ लाख ४० हजार. हा आकडा फळ्यावर लिहिला की माणूस जागचा हलत नाही.
- ३१ ऑक्टोबर, कंपोस्ट आणि गांडूळखत: कापणी-झोडणीनंतर पेंढा आणि पालापाचोळा हाताशी असतो.
- १४ नोव्हेंबर, बांबूची तोड आणि प्रक्रिया: पावसाळ्यानंतर काठीतलं पिठूळ सत्त्व कमी होत जातं, त्यामुळे तोडीचा हंगाम आताच सुरू होतो. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू का मुरवायचा, हे किडीने पोखरलेली काठी हातात देऊन दाखवता येतं.
- २८ नोव्हेंबर, घरगुती बायोगॅस: २ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. आपल्या गोठ्यात तेवढं आहे का, हे मोजूनच घरी जायचं.

धडा ५: नवा हिशेब

यंदा शनिवारी सकाळी १० ते ५ कोर्स आणि ७ वाजता खेळ. जोडतिकीट ₹१,५००. त्यातून साहित्य, दोन वेळचं जेवण, चहा-भजी मिळून ₹५०० गेले, शिल्लक ₹१,०००. सोळा जागा, म्हणजे ₹१६,०००. फक्त खेळाचं तिकीट ₹२५०, शिल्लक ₹२२०.

ठरलेला खर्च: मानधन ₹१६,०००, साउंड-लाइट ₹३,००० (जनरेटर काढला, वाडीतल्या सोलर बॅटरीवर दिवे), जाहिरात ₹१,५००, कोर्सचे ₹६,०००. मांडव नाही, सतरंज्या घरच्या. एकूण ₹२६,५००. त्यातून कोर्सचे १६,००० वजा केले, उरले १०,५००. भागिले २२०, म्हणजे ४८ माणसं. जागा शिल्लक आहेत १०४. गेल्या वर्षीइतकीच ९० माणसं धरली, सोळा कोर्सची आणि ७४ खेळाची, तरी ₹५,७८० उरतात. गावच्या शाळेतल्या पंधरा मुलांना फुकट बसवणार आहे. त्यांच्या चहा-भजीचे ₹४५० मी जाहिरातीच्या खर्चातच धरलेत.

मानधनाला हात लावलेला नाही, हे लक्षात आलं का? ते मुद्दाम.

धडा ६: कलाकाराचे पैसे आधी बाजूला

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. गेल्या वर्षी शेवटच्या खेळानंतर मंडळाच्या मालकांच्या हातात मी अर्धेच पैसे ठेवू शकले. "बाकीचे दोन दिवसांत देते" म्हटलं. दिले वीस दिवसांनी, दुकानाच्या गल्ल्यातून. ते एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त मधल्या काळात एकदा दुकानात आले, एक स्टीलचा डबा घेतला आणि रोख पैसे देऊन गेले. मी उधार घ्या म्हणायच्या आत. तो डबा मला अजून आठवतो.

तेव्हापासून नियम केलाय. तारीख पक्की करण्याआधी चारही खेळांचं मानधन वेगळ्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही. तेवढे पैसे नसतील तर चाराचे तीन खेळ करायचे, पण उधारीवर कला आणायची नाही.

धडा ७: परवानगी आणि घड्याळ

जत्रेतला दशावतार रात्रभर रंगतो. आपल्या अंगणात तसं नाही चालणार. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. सरकार काही सणांना १२ वाजेपर्यंत सूट देतं, पण तेही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणून ७ ते साडेनऊ. आख्यान कुठे आवरतं घ्यायचं ते मंडळालाच ठरवू द्या. आडदशावतारातला संकासुर कापून "वेळ वाचवा" असलं काही आपण सुचवायचं नाही. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज महिनाभर आधी द्या, खाण्यापिण्याची एफएसएसएआय नोंदणी बघून घ्या, कराचं तुमच्या सीएला विचारा.

आजचा गृहपाठ

एका कागदावर फक्त चार आकडे लिहा. ठरलेला खर्च, तिकीट, माणशी खर्च आणि तुमच्या अंगणात बसणारी माणसं. तिकिटातून माणशी खर्च वजा करा, त्याने ठरलेल्या खर्चाला भागा. येणारं उत्तर अंगणातल्या जागांच्या निम्म्याच्या आसपास असेल तर पुढे जा. जागांपेक्षा जास्त असेल तर पोस्टर छापायला टाकू नका, आधी गणित बदला.

तुमचे चार आकडे व्हिडिओखाली लिहा, मी स्वतः बघते. सासऱ्यांना हा कागद दाखवला तेव्हा चष्मा लावून त्यांनी सगळी बेरीज दोनदा तपासली आणि म्हणाले, "आता बराबर आसा. पण चौदा तारखेक खुर्ची माका पुढची होयी." तिकीट मात्र घेतलंय त्यांनी. ₹२५०, रोख.

भेटूया पुढच्या शुक्रवारी. विषय आहे उधारीची वही.