भुलीचे पैसे कुठे जातात? बेंगळुरूत दातांच्या शस्त्रक्रियेआधी विचारायच्या गोष्टी

गेल्या पावसाळ्यात वहिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कागद पाठवले. दोन्ही माझ्या पाच वर्षांच्या पुतणीच्या दातांच्या कामाचे अंदाज. सात दात किडलेले, त्यांतल्या चार दाढांवर टोप्या बसवायच्या. पोरगी खुर्चीत टेकायलाच तयार नव्हती, म्हणून झोपवून सगळं एकदम उरकायचं ठरलं होतं. घराजवळच्या दवाखान्याचा आकडा २८,००० रुपये, रुग्णालयाचा ६५,०००. खाली वहिनीचा प्रश्न होता: "भावोजी, दात तेच, काम तेच. मग हे ३७,००० जास्त कशाचे?"

मोठ्या कागदावर एक ओळ होती: भूलतज्ज्ञ, १०,००० रुपये. छोट्या कागदावर ती ओळच नव्हती. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, गुंगीचं औषध दंतवैद्यच देणार, दातही तेच करणार, आणि मदतीला एक मुलगी असणार. मुलीचा श्वास नीट चालला आहे का, हे बघण्यासाठी वेगळं कोणी असेल का, या प्रश्नावर पलीकडून "आम्ही नेहमी असंच करतो" एवढंच उत्तर आलं.

दातांच्या कामात भुलीचे पैसे मुख्यतः एका माणसाच्या लक्षाचे असतात. औषध त्या मानाने स्वस्त असतं. हे एकदा ध्यानात आलं की अंदाजपत्रकातल्या बाकीच्या ओळींवर खुशाल घासाघीस करता येते.

सगळ्यात साधी भूल म्हणजे जागा बधिर करायची सुई. दाढ काढणं, रूट कॅनाल, बहुतेक अक्कलदाढा एवढ्यावर होतात. औषध लिग्नोकेन, स्वीडनच्या निल्स लोफ्ग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेलं. त्यात रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळतात. तीस मिलिलिटरची बाटली साधारण शंभर रुपयांच्या आत मिळते आणि एका दाढेला त्यातलं दोन ते चार मिलिलिटर लागतं. म्हणून साध्या दाढेच्या बिलात 'भूल' म्हणून हजार-दीड हजार वेगळे लावलेले दिसले, तर ते कशाचे हे जरूर विचारावं. बेंगळुरूच्या खासगी दवाखान्यांत सुईसकट साधी दाढ काढायला ढोबळमानाने ५०० ते २,००० रुपये पडतात. हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ असेल तर ४,००० पासून १५,००० पर्यंत, कारण तिथे हिरडी उघडावी लागते, हाड कोरावं लागतं आणि टाके येतात. जबड्याचा पूर्ण एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो ४०० ते १,००० रुपयांत होतो. तो आधी कुठे काढला असेल तर प्रत सोबत न्या.

ही सुई फार सुरक्षित आहे, पण लहान मुलांच्या बाबतीत एक हिशेब आईवडिलांना माहीत असायला हवा. मुलांसाठी लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतात. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतात. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला एका बैठकीत ३.३ मिलिलिटरच्या वर जाता येत नाही. चारही बाजूंचे दात एकाच दिवशी बधिर करायला निघालेल्या दवाखान्यात, सुई टोचायच्या आधी मुलाचं वजन केलं गेलं का, हे बघा. वजनकाटा नसेल तर मात्रा अंदाजाने ठरते आहे.

त्यावरची पायरी म्हणजे नाकावर छोटा मुखवटा लावून ऑक्सिजनबरोबर दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये याच वायूखाली स्वतःची दाढ काढून घेतली होती. भुलीच्या इतिहासाची सुरुवातच दातापासून झाली असं म्हणायला हरकत नाही. यात माणूस जागा असतो, बोलतो, फक्त धास्ती ओसरते. घाबरणाऱ्या पण ऐकणाऱ्या मुलासाठी हा चांगला उपाय आहे. शहरात एका बैठकीचे १,५०० ते ४,००० रुपये घेतात. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं आणि दिवस वाया जातो.

खरा धोका यापुढच्या पायरीवर आहे. तोंडावाटे, नाकावाटे किंवा शिरेतून गुंगीची औषधं देऊन अर्धवट झोपवणं ही ती पायरी. गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. हलक्या गुंगीसाठी दिलेली मात्रा एखाद्या मुलाला खोल नेते, जीभ मागे पडते, आणि दंतवैद्याचं डोकं त्याच वेळी त्याच तोंडात दाताकडे असतं. तोंडात पाणी आहे, रक्त आहे, आणि श्वासाची वाटही तीच.

यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत २००० साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात मुलांच्या गुंगीत घडलेल्या ९५ अपघातांची चिरफाड प्रसिद्ध झाली. त्यांतली ५१ मुलं दगावली होती. कोणतं एक औषध वाईट असा निष्कर्ष निघाला नाही. तीन किंवा अधिक औषधं एकत्र दिली की परिणाम वाईट होण्याचं प्रमाण वाढतं, हे दिसलं. २०१३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने १९८० ते २०११ या काळात अमेरिकेतल्या बातम्यांतून पुढे आलेले, दातांच्या उपचारात गुंगी किंवा भुलीखाली झालेले ४४ बालमृत्यू तपासले. निम्म्याच्या आसपास मुलं दोन ते पाच वर्षांची होती, आणि २५ प्रकरणांत भूल किंवा गुंगी देणारे दंतवैद्यच होते. बातम्यांवरून केलेला अभ्यास आहे, त्यातून एकूण धोका किती हे काढता येत नाही. पण नजर कुठे कमी पडते ते त्यात स्पष्ट दिसतं.

ब्रिटनने तर २००१ च्या अखेरीपासून दातांसाठीची पूर्ण भूल साध्या दवाखान्यांतून काढून घेतली आणि ती अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयांपुरती ठेवली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि बालदंततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की दवाखान्यात खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर दात करणाऱ्याखेरीज भुलीचं शिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती हजर हवी, आणि तिचं काम रुग्णावर लक्ष ठेवणं एवढंच असावं. बेंगळुरूतल्या दवाखान्यालाही हेच विचारा: माझं मूल झोपलेलं असताना, दाताला हात न लावता फक्त त्याच्याकडे बघणारी व्यक्ती कोण? तिचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. भूलतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीए किंवा डीएनबी केलेला डॉक्टर.

दुसरा प्रश्न यंत्राचा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे, त्यामुळे तो दिसला की लोक निश्चिंत होतात. पण रुग्णाला वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही बोटावरचा आकडा काही काळ ९८-९९ दाखवत राहतो. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेषा काढणारं कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र मात्र पुढचा श्वास आला नाही की लगेच सांगतं. खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर ते हवंच.

अर्धवट गुंगीचे शहरात ३,००० ते ८,००० रुपये सांगतात. दवाखान्यात बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावले तर त्यांचे ६,००० ते १५,००० होतात. पूर्ण भुलीखाली रुग्णालयात मुलाचे सगळे दात करायचे तर एकूण आकडा ४०,००० ते एक लाखाच्या घरात जातो. भूलतज्ज्ञाचं शुल्क पुष्कळ ठिकाणी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या शुल्काच्या पाव ते एकतृतीयांश असतं. बाकीचा पैसा थिएटर, औषधं आणि खोलीत जातो, आणि कपात करायची तर तिथेच करावी.

एका भीतीबद्दलही सांगतो, कारण वहिनीने ती रात्री अकराला फोन करून विचारली होती: भुलीने मुलीच्या मेंदूवर परिणाम होईल का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत तान्ह्या बाळांना एकदाच, तासाभराहून कमी भूल दिली गेली, त्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाचव्या वर्षी बुद्धीत फरक आढळला नाही. तो निकाल २०१९ मध्ये आला. पाच वर्षांच्या मुलीच्या एका भुलीसाठी रात्रीची झोप घालवायचं कारण नव्हतं.

मोठ्या माणसांसाठी आपल्याकडची खास अडचण गुटखा, सुपारी आणि मावा यांची. वर्षानुवर्षं चघळून गालाच्या आत घट्ट पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का, हे घरीच बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायला बारीक दुर्बीण लागते, ती सगळीकडे नसते, आणि तिचे वेगळे पैसे पडतात. व्यसन घरच्यांसमोर कबूल करायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटा, पण लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, घोरणं, आधीच्या भुलीचा त्रास, हेही सगळं सांगायचं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

पैशांची तंगी असेल तर के. आर. मार्केट मेट्रो स्थानकावर उतरा. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. इथे शुल्क नाममात्र असतं, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे, आणि अवघड रुग्ण रोज पाहणारे हात आहेत. मोल द्यावं लागतं ते वेळेचं: सकाळी लवकर रांग, तपासण्यांसाठी दुसरा दिवस, थिएटरच्या तारखेसाठी आणखी वाट. शहरातल्या खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. तिथे काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि शिक्षक देखरेख ठेवतात. माझ्या मते घाई नसलेल्या अक्कलदाढेसाठी ही उत्तम जागा आहे.

जबड्याचं हाड मोडणं किंवा गाठ यांसारख्या मोठ्या कामांसाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना बघा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, इतरांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. बेळगाव-निपाणीहून आलेल्यांनी शिधापत्रिका आणि आधार सोबत आणावं. खासगी आरोग्यविम्यात दातांचं काम बहुधा वगळलेलं असतं, अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे करावा लागलेला दंतोपचार धरलेला आहे. पॉलिसीचा तो परिच्छेद वाचून, विमा कंपनीकडून लेखी घेऊनच तारीख ठरवा.

आता कागद. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी व दर दोन्ही लोकांना दिसतील असे लावावे लागतात. स्वागतकक्षात 'केपीएमई' क्रमांक शोधा. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर समजेल त्या भाषेत समजावून घ्या. कन्नडमध्ये भुलीला 'अरिवळिके' म्हणतात. 'अरिवु' म्हणजे जाणीव. शस्त्रक्रियेची आणि भुलीची संमती वेगवेगळी असावी. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. तिथे भुलीखाली असलेल्या रुग्णाच्या आईने दिलेला होकारही पुरेसा धरला गेला नाही. मुलांच्या वतीने पालकच संमती देतात, म्हणून आधीच लिहून घ्या: आत आणखी एखादा दात वाईट निघाला तर डॉक्टर बाहेर येऊन विचारतील की तिथेच करतील, आणि त्याचे किती पैसे. वाद झालाच तर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ पासून ठरलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

उपवासाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं, तेलकट-तुपकट असेल तर आठ. "लेकरू उपाशी आहे, चमचाभर दूध दे" हे मायेपोटी होतं. भुलीत ते दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. हे कळलं तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात आणि कुठे कुठे थिएटरचे पैसे बुडतात. सर्दी-खोकला झाला तर तारीख बदलायला किती पैसे कापतात, हेही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारा.

आम्ही रुग्णालयाचा ६५,००० चा कागद घेऊन बसलो. एका दिवसाच्या कामाला स्वतंत्र खोली कशाला, असं विचारल्यावर डे-केअरची खाट मिळाली, ३,५०० वाचले. मागच्या चार दाढांना पांढऱ्या झिर्कोनियाच्या टोप्यांऐवजी स्टीलच्या घेतल्या, प्रत्येकी २,५०० प्रमाणे १०,००० कमी झाले. त्या दुधाच्या दाढांवर उत्तम टिकतात आणि पुढून दिसतही नाहीत. बिल ५१,५०० वर आलं. भूलतज्ज्ञाच्या १०,००० ला आम्ही हात लावला नाही.

काम सव्वादोन तास चाललं. संध्याकाळी सात वाजता वहिनीच्या फोनवर भूलतज्ज्ञ बाईंचा आवाज आला. उलटी झाली का, लघवी झाली का, ताप आहे का, खाल्लं काय? "मऊ भात आणि दही," वहिनीने सांगितलं, "आणि अजून मागतेय."