उच्चारखुणा लावताना

राजोडी-नंदाखाल पट्ट्यातली अनेक मुले घरी कादोडी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि मिस्सेत प्रमाण मराठी वाचतात. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मधून मराठी सोपी करून दिली. तरी ओळखीचा शब्दही मोठ्याने वाचताना अडतो. म्हणून आम्ही वाचनाच्या प्रतींवर उच्चारखुणा लावण्यासाठी पायथनमधला छोटा प्रोग्राम घेतला. ‘चाक’, ‘जाळे’, ‘माझा’ यांतल्यासारखा दंततालव्य उच्चार असेल तिथे अक्षराखाली नुक्ता द्यायचा, एवढेच त्याचे काम.

त्यातला नियम असा होता: च, ज, झ यांच्यापुढे इ, ई, ए आले तर तालव्य, नाहीतर दंततालव्य. ‘माझा-माझी’, ‘घराचा-घराची’ इथे तो चोख चालला. पण ‘जपमाळ’, ‘जन’, ‘चरण’, ‘राजा’ यांनाही त्याने नुक्ते दिले. संस्कृतातून आलेल्या या शब्दांत ज आणि च तालव्यच राहतात. खरा धोका इथेच आहे. खूण नसली की मूल थांबते, कुणाला तरी विचारते. चुकीची खूण असली की ते विचारत नाही, ठासून चुकीचे वाचते. म्हणून असे काम हाती घेणाऱ्यांना काही गोष्टी कळकळीने सांगतो.

नियमावर विसंबू नका. तपासलेल्या शब्दांची यादी करा आणि प्रोग्रामला तेवढ्याच शब्दांवर खूण लावू द्या. यादीत विभक्तीची रूपेही घ्या.

काही शब्द यादीनेही सुटत नाहीत. ‘शुभवर्तमाने चार’ आणि ‘गुरे चार’, ‘नामाचा जप’ आणि ‘तब्येत जप’ यांत अक्षरे तीच, उच्चार वेगळे. जपानीतही हीच अडचण आहे. ‘आज’ या अर्थाची कांजीची जोडी ‘क्यो’ वाचायची की ‘कोन्निची’, हे वाक्यावरून ठरते. अशा ठिकाणी प्रोग्रामने फक्त शब्द रंगवून ठेवावा, निर्णय माणसाने घ्यावा.

पायथनच्या ‘री’ मॉड्यूलची शब्दसीमा देवनागरीत फसते. काना, मात्रा, उकार यांना ते शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे ‘जग’ हा अख्खा शब्द शोधला तरी ‘जगात’ आणि ‘जगू’ही सापडतात. वेगळे मिळणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल वापरा. शिवाय युनिकोडमध्ये नुक्त्याचा ज दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ज आणि नुक्ता असे वेगळे. दिसतात सारखे, पण शोधताना एक सुटतो. आधी सगळा मजकूर एकाच रूपात आणा.

मूळ फाइलवर प्रोग्राम कधीच चालवू नका. खुणांची प्रत दरवेळी स्वच्छ मजकुरातूनच काढा, नाहीतर खुणांवर खुणा चढतात.

‘यहेज्केल’, ‘हबक्कूक’ अशी नावे पूर्ण फोडून लिहा. गावांच्या नावांचा उच्चार तिथल्याच जुन्याजाणत्यांना विचारा.

शेवटी एकाने प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने ऐकत खुणा तपासाव्यात. ज्या खुणेची खात्री पटत नाही ती काढून टाका. वाचणारा आपल्या भरवशावर सगळ्यांसमोर उभा राहणार असतो.