तहानेचं गणित : डायबेटिस इन्सिपिडस

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून पायी राजूरच्या गणपतीला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. रात्रभर चालल्यावर गडाच्या पायथ्याशी मिळालेला पाण्याचा ग्लास काय चीज असते, हे त्यांना सांगायला नको. मी तर राजूरचाच. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर आला की हंडे घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्याकडे पाणी मोजून वापरायची सवय लहानपणापासूनच लागते.

आता अशा गावात एखाद्याला रोज दहा-पंधरा लिटर पाणी लागतंय अशी कल्पना करा. अंघोळीला नाही, पिण्याला! आणि तेवढंच पाणी लघवीवाटे बाहेर जातंय. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचं, उशाशी तांब्या ठेवूनच झोपायचं. लोक म्हणणार, 'याला सवयच लागलीय, पाणी कमी पी म्हणजे झालं.' हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो जिवावर बेतू शकतो. का, ते समजावं म्हणून हा लेख.

नावात साखर नाही

या आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. डायबेटिस म्हणजे भरपूर लघवी वाहणं आणि इन्सिपिडस म्हणजे बेचव. साखरेच्या मधुमेहात लघवी गोड असते, इथे ती पाण्यासारखी, बेचव. दोन्हींत तहान आणि लघवी वाढते, एवढंच काय ते साम्य. इथे रक्तातली साखर नॉर्मल असते आणि इन्सुलिनचा काही संबंध नसतो. साधारण पंचवीस हजारांत एखाद्यालाच हा आजार होतो, त्यामुळे पुष्कळांनी नावही ऐकलेलं नसतं.

शरीरातली कंट्रोल सिस्टीम

आपल्या भाषेत सांगायचं तर ही क्लोज्ड लूप सिस्टीम आहे. सेन्सर मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये असतो. रक्त किती 'घट्ट' झालं हे तो सतत मोजतो. एक-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा त्याला कळतो. रक्त घट्ट झालं की दोन गोष्टी होतात. एक, आपल्याला तहान लागते. दोन, व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन रक्तात सोडलं जातं. हे हार्मोन तयार होतं हायपोथॅलॅमसमध्ये, पण साठवलं जातं त्याच्या खाली लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात.

या सिस्टीमचा व्हॉल्व्ह मूत्रपिंडात आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळपास नव्वद टक्के पाणी व्हॅसोप्रेसिनच्या मदतीशिवायच रक्तात परत जातं. उरलेल्या १८ लिटरचं काय करायचं, हे हार्मोन ठरवतं. ते मूत्रपिंडातल्या पेशींना चिकटलं की पेशी आपल्या भिंतीत अॅक्वापोरिन नावाचे पाण्याचे दरवाजे बसवतात आणि पाणी परत आत येतं. बाहेर जाते ती फक्त दीड-दोन लिटर घट्ट लघवी. या दरवाजांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. व्हॅसोप्रेसिन प्रयोगशाळेत बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना त्याआधीच, १९५५ मध्ये नोबेल मिळालं होतं.

बिघाड कुठे होतो?

पहिला प्रकार : हार्मोनच कमी पडतं. मेंदूतली गाठ, त्या भागावरची शस्त्रक्रिया किंवा डोक्याला लागलेला जबर मार ही कारणं असू शकतात. (हेल्मेट न घालता गाडी पळवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

दुसरा प्रकार : हार्मोन भरपूर आहे, पण मूत्रपिंड ऐकत नाही. सिग्नल आला, व्हॉल्व्ह जाम! काही मुलांना हा दोष जन्मतःच असतो. मोठ्यांमध्ये लिथियम हे औषध दीर्घकाळ घेतल्याने किंवा रक्तात कॅल्शियम वाढल्यानेही तो होतो.

दोन्हींत परिणाम एकच. दरवाजे बंद, त्यामुळे पाणी वाहून जातं. आता लक्षात येईल की इथे जास्त पाणी प्यायल्यामुळे जास्त लघवी होत नाही. लघवीवाटे पाणी जातं म्हणून तहान लागते. पाणी तोडलं तरी गळती चालूच राहते. मग रक्तातलं सोडियम वाढत जातं, माणूस चिडचिडा होतो, गोंधळतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो.

२००९ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात हा आजार असलेला २२ वर्षांचा तरुण शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. त्याला त्याचं नेहमीचं औषध मिळालं नाही. पाण्यासाठी त्याने पोलिसांना फोन केला. तरीही तो वाचला नाही. 'डायबेटिस' या शब्दामुळे डॉक्टर-नर्सचाही गोंधळ होतो, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नावच बदलायचं सुचवलं. पहिल्या प्रकाराला व्हॅसोप्रेसिनची कमतरता आणि दुसऱ्याला व्हॅसोप्रेसिनला विरोध, अशा अर्थाची ही नवी नावं आहेत.

तपासणी आणि उपाय

आधी साखर तपासतात. मग चोवीस तासांची लघवी मोजतात. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे साठ किलोच्या मुलाला तीन लिटरच्या वर गेली, तर पुढचा तपास करतात. पाणी बंद ठेवून लघवी घट्ट होते का, हेही पाहतात. पण ही परीक्षा दवाखान्यातच, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. रूमवर प्रयोग करू नका! कारण शोधायला मेंदूचा एमआरआय काढतात.

पहिल्या प्रकारावर डेस्मोप्रेसिन हे औषध गोळी किंवा नाकातल्या स्प्रेच्या रूपात मिळतं, आणि माणूस अगदी तुमच्या-आमच्यासारखा जगतो. पण औषध चालू असताना उगाच पाणी ढोसलं तर उलटा धोका असतो, सोडियम फार खाली जातं. दुसऱ्या प्रकारात मीठ कमी करतात आणि लघवी वाढवणाऱ्याच काही गोळ्या देतात. गंमत म्हणजे त्यांनी इथे लघवी कमी होते!

आपण काय करायचं?

रूममधला कोणी सतत बाटली घेऊन फिरत असेल, परीक्षेत दोनदा बाहेर जायची परवानगी मागत असेल, तर थट्टा करण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा कारण साधंच निघेल. साखरेचा मधुमेह निघाला तर तोही वेळेत कळेल. निदान झालेल्या मुलाला वर्गात पाणी आणि बाहेर जायची मुभा द्यावी, ही प्राध्यापक आणि रेक्टर सरांना विनंती. खिशात आजाराचं नाव आणि औषध लिहिलेली चिठ्ठी त्याने कायम ठेवावी, आणि ती कुठे आहे हे रूममेटला माहीत असावं. उलट्या-जुलाब झाले किंवा तो बरळू लागला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आमच्या राजूरला दुष्काळातही दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. ज्याची तहान आपल्याला कळत नाही, त्यालाही पाणी नाकारू नये, एवढंच.