चष्मा घरी राहिला : माणसांच्या बोलण्यातून आशयसूत्र शोधण्याची पद्धत

बँकेच्या काउंटरवर बसून मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. पैसे काढण्याची स्लिप पुढे करून "साहेब, एवढी भरून द्या, चष्मा घरी राहिला" असे म्हणणारे ग्राहक मला रोज भेटतात. सुरुवातीच्या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की आपल्या वस्तीत डोळ्यांच्या तक्रारी फार आहेत अशी माझी खात्री झाली. त्यावेळी संस्थेच्या बैठकीत नेत्रतपासणी शिबिराची सूचना मीच मांडली. शिबिर झाले, चष्मेही वाटले. काही दिवसांनी एक वृद्ध मावशी नवा चष्मा घालून काउंटरवर आल्या आणि स्लिप माझ्यापुढे सरकवली. मी सहज विचारले, "मावशी, आता तर चष्मा आहे ना?" त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, चष्म्यानं अक्षर मोठं दिसतं. पण वाचता आलं पाहिजे ना!"

शिबिर वाया गेले असे मी म्हणणार नाही. अनेकांना त्याचा उपयोग झाला. परंतु माझी चूक मला कळली. लोकांचे शब्द मी ऐकले होते, मोजलेही होते. त्यामागचा आशय मात्र मी ऐकला नव्हता. 'चष्मा घरी राहिला' या वाक्याचा खरा अर्थ 'मला वाचता येत नाही आणि ते चारचौघांत सांगण्याची लाज वाटते' असा होता. खरी गरज प्रौढ साक्षरता वर्गाची होती.

आपल्या संस्थेतील अनेक मुले-मुली आज एम.एस.डब्ल्यू., बी.एड., नर्सिंग असे अभ्यासक्रम करीत आहेत. त्यांना प्रकल्पासाठी लोकांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. "काका, मुलाखती तर झाल्या, आता याचे करायचे काय?" असे विचारीत काही जण माझ्याकडे येतात. मी कला शाखेचा पदवीधर, संशोधक नव्हे. तरीही त्यांच्याबरोबर बसून वाचता वाचता जी पद्धत समजली, तिची ओळख या लेखात करून देत आहे. तिला थीमॅटिक ॲनालिसिस म्हणतात. आपण तिला 'आशयसूत्रांचे विश्लेषण' म्हणू.

आकडा आणि बोलणे

संशोधनात आकड्यांचे महत्त्व मोठे आहे. सन १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा तत्सम आजार आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. या आकड्यांनी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न जगापुढे मांडला.

परंतु आकडा एका ठिकाणी येऊन थांबतो. इतका त्रास असूनही बाई दवाखान्यात का गेली नाही? तिने तो कोणाला सांगितला? सांगितल्यावर घरचे काय म्हणाले? याचे उत्तर टक्केवारीत मिळत नाही. त्यासाठी बाईशी बोलावे लागते, तिचे बोलणे जसेच्या तसे लिहून घ्यावे लागते आणि अनेक जणींच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा अर्थ शोधावा लागतो. आकडा 'किती' ते सांगतो. बोलणे 'का' आणि 'कसे' ते सांगते. दोन्ही लागतात.

पद्धत कोठून आली?

माणसांच्या बोलण्यातून सूत्र शोधणे ही गोष्ट जुनीच आहे. मात्र तिची पायऱ्यापायऱ्यांनी मांडणी अलीकडची आहे. न्यूझीलंडमधील व्हर्जिनिया ब्राउन आणि इंग्लंडमधील व्हिक्टोरिया क्लार्क या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासिकांनी सन २००६ मध्ये एक लेख लिहून सहा टप्प्यांत ही पद्धत समजावून सांगितली. तो लेख मानसशास्त्रातील संशोधकांसाठी होता. परंतु पद्धत सोपी व लवचीक असल्यामुळे आरोग्य, शिक्षण आणि समाजकार्य या क्षेत्रांतही ती झपाट्याने पसरली. त्याआधी १९८० च्या दशकात लंडनमध्ये शासकीय धोरणांच्या अभ्यासासाठी जेन रिची आणि लिझ स्पेन्सर यांनी 'फ्रेमवर्क' नावाची पद्धत तयार केली होती. तिच्यात मोठा तक्ता आखतात : आडव्या ओळीत माणसे, उभ्या रकान्यात विषय. आम्हा लेजरच्या माणसांना ती लवकर समजते. आरोग्यसेवेच्या संशोधनात ती आजही वापरली जाते.

सहा टप्पे : एक उदाहरण

समजा, आपल्या अभ्यासिकेत दहावीनंतर मुले येईनाशी का होतात, हे आपल्याला शोधायचे आहे. पुढील वाक्ये उदाहरणासाठी मीच जुळवली आहेत. ती कोणा एका मुलाची नाहीत.

"संध्याकाळी पाणी येतं, ते मी भरलं नाही तर कोण भरणार?"
"इंग्रजीचं पुस्तक उघडलं की झोप येते. विचारायचं कोणाला?"
"तिथं बसलं की सगळे विचारतात, किती टक्के पडले?"
"नापास झाल्यावर कोणी काही बोललं नाही. मीच जायचं बंद केलं."
"ताईचं लग्न ठरलं, म्हणून मी दुकानात जाऊ लागलो."
"मला आयटीआयला प्रवेश मिळाला, मग वेळच जुळेना."

पहिला टप्पा वाचनाचा. सर्व मुलाखती दोन-तीन वेळा सावकाश वाचाव्यात. ध्वनिमुद्रण असेल तर ऐकावे. कोण कोठे थांबले, कोठे हसून विषय टाळला, हेही टिपावे.

दुसरा टप्पा खुणांचा. बोलण्यातील अर्थपूर्ण तुकड्याला समासात दोन-चार शब्दांची खूण द्यावी. याला कोडिंग म्हणतात. वरील वाक्यांना 'पाणी भरण्याची वेळ', 'शंका विचारायला माणूस नाही', 'टक्क्यांची विचारणा', 'नापास होताच स्वतःहून दूर होणे', 'लग्नखर्चासाठी कमाई' अशा खुणा देता येतील. नुसते 'अडचण' असे लिहू नये. त्यातून काहीच कळत नाही.

तिसरा टप्पा जुळणीचा. एकमेकींशी नाते असलेल्या खुणा एकत्र आणाव्यात. चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडल्या तरी चालते.

चौथा टप्पा पडताळणीचा. जुळवलेले सूत्र घेऊन पुन्हा मूळ मुलाखतींकडे जावे आणि न बसणारे वाक्य मुद्दाम शोधावे. आपल्या उदाहरणात आयटीआयचा मुलगा कोठेच बसत नाही. त्याने अभ्यास सोडलेला नाही, फक्त वाट बदलली आहे. त्याला दडपून कोठेतरी कोंबू नये. 'अभ्यासिका सोडणे म्हणजे शिक्षण सोडणे' हे आपले गृहीतच चुकीचे होते, हे तो आपल्याला शिकवतो.

पाचवा टप्पा नाव देण्याचा. सूत्राचे नाव असे असावे की त्यातून विधान कळले पाहिजे.

सहावा टप्पा लेखनाचा. प्रत्येक सूत्र मांडताना लोकांचे मूळ शब्द द्यावेत आणि त्यांचा अर्थ आपण असा का लावला, तेही सांगावे.

मथळा म्हणजे सूत्र नव्हे

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त चूक पाचव्या टप्प्यावर होते. 'घरची कारणे', 'शाळेची कारणे', 'आर्थिक कारणे' असे तीन मथळे देऊन ते प्रकल्प संपवतात. हे तीन कप्पे झाले. मुलाखती घेण्यापूर्वीच ते ठरवता आले असते. वरील वाक्यांपैकी टक्क्यांची विचारणा, शंका विचारण्याचा संकोच आणि नापास होताच गप्पपणे दूर होणे ही तीन एकत्र वाचली, तर एक वेगळीच गोष्ट दिसते : 'अभ्यासिका हुशार मुलांची, ती आपली नव्हे' अशी त्या मुलांची भावना. हे झाले आशयसूत्र. ते कोणाच्याही तोंडी जसेच्या तसे नाही, पण तिघांच्या बोलण्याला धरून आहे. आणि ते सापडले की करायचे काय, हेही कळते. नवे बाक घेण्याऐवजी मागे पडलेल्या मुलाशेजारी बसणारा एखादा दादा किंवा ताई हवी.

याचे फार मोठे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे लेखन सन १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यात लहानपणीचा कोरेगावचा प्रवास आहे, बडोद्यात निवारा न मिळाल्याची हकिकत आहे, चाळीसगावचा टांग्याचा अपघात आहे, दौलताबादच्या किल्ल्यातील पाण्याचा प्रसंग आहे. शिवाय इतरांचे अनुभवही आहेत : बाळंतिणीला हात लावून तपासण्यास डॉक्टरने नकार दिला तो, आणि कचेरीत छळ सोसून नोकरी सोडावी लागलेल्या तरुण तलाठ्याचा. त्या लेखनाचा हेतू आजच्या अर्थाचे संशोधन हा नव्हता, आणि त्या काळी या पद्धतीला आजचे नावही नव्हते. परंतु वाचणाऱ्याने ते प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. 'प्रवास', 'घर', 'पाणी', 'आरोग्य', 'नोकरी' हे झाले मथळे. सूत्र असे, की पैसा, शिक्षण आणि हुद्दा हाती असूनही अस्पृश्यतेची अट माणसाच्या पुढे जाऊन दारात उभी राहते. एकच प्रसंग असता तर कोणी त्याला अपवाद म्हटले असते. सहा प्रसंगांतून एकच अर्थ निघाला, म्हणजे तो अपवाद उरत नाही.

घ्यावयाची काळजी

१. सूत्र आपोआप वर येत नाही. ते आपण शोधतो आणि घडवतो. ब्राउन आणि क्लार्क यांनी हा मुद्दा वारंवार मांडला असून सन २०१९ पासून त्यांनी संशोधकाच्या आत्मपरीक्षणावर अधिकच भर दिला आहे. म्हणून 'मी कोण, माझे आधीचे मत काय' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आपण त्याच वस्तीतले असलो तर लोक मोकळेपणाने बोलतात हा फायदा; पण 'मला हे माहीतच आहे' असे वाटून आपण ऐकणे बंद करतो हा तोटा. माझ्या चष्म्याची गोष्ट याच तोट्याची आहे.

२. लोकांची भाषा जपावी. 'दुखणं अंगावर काढलं' असे बाई म्हणते तेव्हा त्याचा अर्थ केवळ 'उपचार घेतले नाहीत' एवढाच नसतो. त्यात सोसणे आहे, घराला खर्च नको ही काळजी आहे, थोडा अभिमानही आहे. प्रकल्प इंग्रजीत लिहायचा असला तरी खुणा मराठीतच लावाव्यात, भाषांतर शेवटी करावे.

३. किती मुलाखती पुरे? घाना आणि नायजेरिया येथील ६० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेल्या सन २००६ च्या एका अभ्यासात बहुतेक खुणा पहिल्या १२ मुलाखतींतच मिळाल्या होत्या. पण १२ हा मंत्र नव्हे. प्रश्न किती मोठा आणि माणसे किती निरनिराळी, यावर ते अवलंबून आहे.

४. दहा मुलाखतींवरून 'साठ टक्के लोकांना असे वाटते' असे कधीही लिहू नये. या पद्धतीचे ते काम नाही.

५. संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे. आपल्यासारख्या लहान वस्तीत नुसते नाव बदलून भागत नाही. 'टाकीजवळच्या शिंप्याची थोरली सून' असे लिहिले की सगळ्यांना कळते.

६. आता खुणा लावण्याचे काम करणारे संगणकाचे प्रोग्रॅमही मिळतात. ते कप्पे नीट लावतील. पण मावशीचा हळू झालेला आवाज ऐकण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

समारोप

आपल्या समाजाविषयी आजवर इतरांनी पुष्कळ लिहिले. कधी सहानुभूतीने, कधी दुरून. आता आपलीच मुले वही घेऊन आपल्या गल्लीत प्रश्न विचारू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तिच्याबरोबर जबाबदारीही येते. समोरचा माणूस आपला वेळ आणि मन आपल्या हाती देतो. त्याच्या बोलण्यातून आपल्याला हवे तेवढेच उचलले, तर आपणही दुरून लिहिणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसू.

म्हणून माझी विद्यार्थी मित्रांना एकच विनंती आहे. प्रकल्प सादर करण्यापूर्वी आपण काढलेली सूत्रे ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना, त्यांची तयारी असेल तर, साध्या मराठीत वाचून दाखवा. "मी असं म्हटलं होतं, पण मला म्हणायचं होतं ते वेगळंच" असे कोणी म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. तेही लिहून ठेवा आणि पुन्हा मूळ बोलण्याकडे वळा. त्या मावशींनी मला एका वाक्यात दुरुस्त केले. नंतर साक्षरता वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिल्या दिवशी त्या सर्वांच्या आधी येऊन बसल्या होत्या. चष्मा अर्थातच डोळ्यांवर होता.