घटक ४ : स्थलांतर, वंशस्मृती आणि बोली – गोंदिया जिल्ह्यातील पोवारी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• समाजाची वंशस्मृती आणि त्याच्या बोलीची साक्ष यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• पोवारी बोलीतील काही रूपांच्या आधारे भाषासंपर्काचे विवेचन करता येईल.
• जनगणनेतील मातृभाषेच्या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावता येईल.
• आपल्या परिसरातील बोलीची प्राथमिक नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपले पूर्वज मूळचे कोठले, हा प्रश्न बहुतेक समाजांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या उत्तराला आपण ‘वंशस्मृती’ म्हणू. समाज एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेला, की त्याच्याबरोबर त्याची बोलीही जाते. मात्र वाटेत आणि नव्या ठिकाणी ती बदलत राहते. म्हणून वंशस्मृती आणि बोली या दोन स्वतंत्र साक्षी ठरतात. त्या नेहमी एकच गोष्ट सांगतील असे नाही. गोंदिया जिल्ह्यातील पोवार समाजाच्या उदाहरणावरून हा मुद्दा आपण समजून घेऊ.

४.२ पोवार समाज आणि त्याची वंशस्मृती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आणि पूर्वेस छत्तीसगड आहे. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या तालुक्यांत, तसेच बालाघाट व सिवनी जिल्ह्यांत पोवार समाजाची मोठी वस्ती आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानशेती हा या समाजाचा प्रमुख व्यवसाय राहिला आहे. बिसेन, पटले, रहांगडाले, तुरकर, कटरे, टेंभरे, बोपचे ही या समाजातील परिचित आडनावे होत. पश्चिम महाराष्ट्रात ‘पवार’ हे एक आडनाव आहे, तर येथे ‘पोवार’ हे संपूर्ण समाजाचे नाव आहे, हा फरक लक्षात ठेवावा.

आपण माळव्यातील धार येथून आलो आणि राजा भोजाच्या परमार वंशाशी आपले नाते आहे, असे हा समाज सांगतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ही परंपरा नोंदवली आहे. तीनुसार हे लोक प्रथम रामटेकजवळील नगरधन येथे स्थिरावले. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेत त्यांनी भाग घेतला आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यातील पडीक व जंगलाची जमीन मिळाली.

माळव्याच्या परमारांचा विदर्भाशी संबंध होता, याला शिलालेखाचाही आधार आहे. इ. स. ११०४च्या सुमाराची ‘नागपूर प्रशस्ती’ परमार राजांचीच आहे. परंतु राजसत्तेचा संबंध सिद्ध झाल्याने आजच्या समाजाची संपूर्ण वंशावळ सिद्ध होत नाही. अकरावे-बारावे शतक आणि भोसल्यांचा काळ यांत सहा शतकांहून अधिक अंतर आहे. अभ्यासकाने वंशस्मृतीचा आदर राखावा. पुरावा जेथे थांबतो, तेथे आपले विधानही थांबवावे.

४.३ बोलीची साक्ष

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सहाव्या खंडात (१९०४) पोवारीचा विचार पूर्व हिंदीत, बघेलीच्या दक्षिणेकडील मिश्र रूपांबरोबर केलेला आहे. येथे एक पेच उभा राहतो. समाज म्हणतो, आम्ही पश्चिमेकडील माळव्यातून आलो. वर्गीकरण सांगते, बोली पूर्वेकडील गटातील आहे. मग खरे काय? उत्तर देण्यापूर्वी काही रूपे पाहू.

(अ) मोरो, तोरो (माझा, तुझा) : छत्तीसगढीत ‘मोर’, ‘तोर’ अशी रूपे आहेत. बघेली-अवधीकडेही ‘मोर’ हे अंग आढळते. याउलट पुल्लिंगी रूपाच्या शेवटी येणारा ‘ओ’ हा माळवी, राजस्थानी, गुजराती, बुंदेली अशा पश्चिमेकडील पट्ट्याचा विशेष आहे. माळवीतील ‘म्हारो’, ‘थारो’ ही रूपे आठवावीत. म्हणजे ‘मोरो’ या एकाच शब्दात पूर्वेचे अंग आणि पश्चिमेचा शेवट एकत्र आलेले दिसतात.

(आ) मोला (मला) : या रूपातील ‘ला’ मराठीचा आहे, असे आपण चटकन म्हणू. परंतु छत्तीसगढीतही ‘मोला’ हेच रूप आहे. दोन्ही शेजारी भाषांत ‘ला’ असल्यामुळे तो पोवारीत पक्का रुजला असणे शक्य आहे. तो नेमका कोणाकडून आला, हे या एका रूपावरून ठरवता येत नाही.

(इ) घरमा (घरात) : ‘मा’ छत्तीसगढीत आहे आणि गुजरातीत ‘मां’ आहे. हे रूप पूर्वेलाही जुळते आणि पश्चिमेलाही.

(ई) से, जासे (आहे, जातो) : ‘से’ वाचताच गुजरातीतील ‘छे’ आणि पूर्व राजस्थानीतील ‘छै’ आठवतात. मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावरून नाते जोडणे घाईचे ठरेल.

या चार उदाहरणांतून पुढील निष्कर्ष निघतो. पोवारी ही अनेक भाषांच्या सहवासात घडलेली बोली आहे. आजच्या रूपांत जवळच्या शेजाऱ्यांचा ठसा स्पष्ट असतो, दूरच्या मूळस्थानाचा अंधूक असतो. म्हणून बोली पूर्वेकडील गटात ठेवली गेली, एवढ्यावरून माळव्याची स्मृती खोटी ठरत नाही. आणि ‘मोरो’मध्ये ‘ओ’ आहे, एवढ्यावरून ती सिद्धही होत नाही.

४.४ तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८९९ साली स्थापन झालेली ‘स्कॉटलंड’ नावाची ग्रामीण काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, आहे. या राज्याच्या केप फिअर नदीच्या परिसरात १७३९पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुटुंबे येऊन वसली. त्यांची भाषा गेलिक होती. एकोणिसाव्या शतकातही तेथील काही चर्चमध्ये गेलिकमधून प्रवचने होत. पुढे इंग्रजीने तिची जागा घेतली. आज ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे तेथे आहेत, कुळांचा अभिमान आहे, १९५६पासून ग्रँडफादर पर्वतावर हायलँड क्रीडामेळावाही भरतो, परंतु घरात बोलली जाणारी गेलिक उरलेली नाही.

या उदाहरणाचा बोध असा, की वंशस्मृती भाषेवाचूनही टिकू शकते. आडनाव आपोआप वारशाने मिळते. बोली मात्र प्रत्येक पिढीने मुलांशी बोलावीच लागते. एका पिढीने ते थांबवले, की पुढच्या पिढीला ती केवळ ऐकून माहीत असते.

४.५ पोवारीची आजची स्थिती

जनगणनेत ‘पवारी/पोवारी’ ही मातृभाषा हिंदीच्या अंतर्गत मोजली जाते. या नोंदीखाली २००१ साली सुमारे ४ लाख २५ हजार, तर २०११ साली सुमारे ३ लाख २५ हजार भाषक होते. दहा वर्षांत सुमारे एक लाखाची घट झाली. हा आकडा वाचताना दोन शक्यता ध्यानात घ्याव्यात. काही घरांत बोली खरोखर थांबली असेल. काही घरांत ती बोलली जात असूनही प्रगणकाला ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ असे सांगितले गेले असेल. दुसऱ्या शक्यतेमागे अनेकदा संकोच असतो. शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि घरात पोवारी अशी विभागणी असली, की घरातली भाषा ‘अशुद्ध’ आहे असे मुलाच्या मनावर ठसते.

आपण स्वतः पोवारी, झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील असाल, तर हे विधान पक्के लक्षात ठेवा : ‘मोरो’ हे ‘माझा’चे बिघडलेले रूप नाही. त्याला स्वतःचे व्याकरण आणि स्वतःचा इतिहास आहे. परीक्षेत प्रमाण मराठी लिहिण्यासाठी घरातली बोली सोडावी लागत नाही. उलट दोन व्याकरणे जाणणाऱ्या विद्यार्थ्याला भाषेची रचना लवकर उमगते.

४.६ सारांश

वंशस्मृती समाजाची स्वतःविषयीची जाणीव सांगते. बोली तो समाज कोणाकोणाबरोबर राहिला ते सांगते. पोवारीत पूर्वेची, पश्चिमेची आणि मराठीशी जुळणारी रूपे एकत्र नांदतात. मूळस्थानाचा वाद अनिर्णित राहिला तरी फारसे बिघडत नाही, कारण तो पुढेही अभ्यासता येईल. नोंद न होता थांबलेली बोली मात्र नंतर अभ्यासता येत नाही.

४.७ स्वाध्याय

१. वंशस्मृती आणि बोलीची साक्ष यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘मोला’ या रूपावरून पोवारी ही मराठीची बोली ठरते का? सकारण लिहा.
३. २००१ व २०११च्या आकड्यांतील घटीची दोन संभाव्य कारणे सांगा.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा गावातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीची संमती घेऊन तिच्या बोलीतील दहा वाक्ये लिहून घ्या. धानाची रोवणी, स्वयंपाक किंवा नातीगोती यांपैकी एक विषय निवडा. उच्चार जसा ऐकू येईल तसाच लिहा, सुधारू नका. शेजारी प्रमाण मराठीतील अर्थ लिहा आणि गाव, तालुका व बोलणाऱ्याचे वय नोंदवा.