अंजनीला गुलाबाची कात्री नको

मावळात फूल म्हटलं की गुलाब. तळेगाव आणि पवन मावळातली पॉलिहाउसं फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइनचा बाजार साधतात ती कटिंगच्या जोरावर: काडी कापली की साधारण दीड महिन्यात नव्या फुटव्यावर फूल. हा हिशेब माळ्यांच्या हातात इतका मुरलाय की लोणावळ्याच्या बंगल्यांतही तोच चालतो, आणि माझ्या मते अंजनीचं रानझुडूप फसतं ते तिथेच. पाऊस सरला, दिवाळीला मालक येणार, म्हणून कुंपणाकडची सगळी झुडपं एका पातळीत उतरवली जातात. जास्वंदीचं त्यानं भलंच होतं. अंजनीचा वसंत मात्र कोरडा जातो आणि दोष येतो वरच्या झाडांच्या सावलीवर.

राजमाची किंवा भीमाशंकरच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये रानाच्या कडेची अंजनी जवळून पाहावी. जांभळट निळ्या फुलांचे बारीक झुबके शेंड्याला नसतात. पानांच्या बगलेत आणि त्याखाली, पानं गळालेल्या जून काडीला ते चिकटलेले असतात. छाटणीनंतरची लुसलुशीत पालवी देखणी खरी, पण फुलाच्या कामाची नाही. कुणी म्हणेल, गर्द रानात अंजनी कमीच फुलते, मग सावली निर्दोष कशी? गच्च सावली नाहीच चालत. सकाळचं दोन-तीन तास ऊन हवं. त्यासाठी डोक्यावरच्या आंब्या-जांभळाची फांदी विरळ करावी, अंजनीची नव्हे. न छाटल्यास झुडूप माजेल, ही भीती तर अगदीच फोल, कारण अंजनीइतकं सावकाश वाढणारं झाड शोधावं लागेल. (झटपट कुंपण हवं असेल त्यानं सरळ डुरांटा लावावा.) आकार द्यायचाच तर बहर ओसरताच, एप्रिलमध्ये द्यावा. पावसाळ्यातली वाढ जून व्हायला मग हिवाळा मिळतो.

पाण्याचं गणित वेगळं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. कडक मुरमात खणलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादलीच. म्हणून रोप उतारावर किंवा हातभर उंचवट्यावर लावावं. तळेगाव-वडगावला पाऊस निम्म्याहून कमी, तिथे काळजी पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची. बाकी यंदा दिवाळीआधी माळीदादांना एवढंच सांगा: जास्वंद खुशाल कापा, अंजनीला हात लावू नका.